सातवा टाका

गोधडीचं वय सांगणारी बाई असते म्हटलं की लोक आधी हसतात. मग घरी जातात, माळ्यावरचं बोचकं खाली ओढतात आणि तिच्याच दारात येऊन उभे राहतात. टाकेबाईंना याची सवय होती. तीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. गोधडी टेबलावर पसरायची, डोळ्याला भिंग लावायचं, कोणतं कापड कधीचं, कोणता रंग कधी बाजारात आला, किती हातांनी शिवलं, मध्येच कोणी लुडबुड केली का, ते सगळं लिहायचं आणि खाली सही ठोकायची. संग्रहालयवाले त्या सहीला मान द्यायचे. बाईंचं खरं आडनाव पोस्टमनलासुद्धा आठवत नसे. टाके बघतात म्हणून टाकेबाई, संपला विषय.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. माणसं गोधडीबद्दल हमखास थापा मारतात. "दोनशे वर्षांपूर्वीची आहे हो, आमच्या पणजीच्या पणजीची." बरं बाई, असेल. ऐकून घ्यायचं, मान हलवायची आणि मग कापडाला विचारायचं. गोधडी तिच्यातल्या सगळ्यात नव्या तुकड्याइतकीच जुनी असते. पणजीला सगळ्यात नव्या तुकड्यानं खोटं पाडलं की लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

त्यांचा नवरा घड्याळजी. चाळीस वर्षं बाजारात बसून घड्याळं दुरुस्त केली, डोळे थकल्यावर दुकान बंद केलं, पण शिस्त गेली नाही. पहाटे साडेपाचला उठणार म्हणजे उठणार. दुपारी कोणी लवंडलेलं दिसलं की त्यांची टकळी सुरू. "झोपा, झोपा. जाग आली की कळवा, कोणतं साल चाललंय ते सांगतो." टाकेबाई कधी पाच मिनिटं पडल्या तरी उशाशी येऊन मुद्दाम गजर लावायचे. असला माणूस. चाळीस वर्षं त्याच्याशी भांडून बाईंचा जीव त्याच्यात इतका अडकला होता, की ते भाजी आणायला गेले आणि दहा मिनिटं उशीर झाला तर त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या. वर विचारलं तर म्हणायच्या, हवा खातेय.

आणि त्यांचे जुने सदरे. ते बाई कोणाला द्यायच्या नाहीत. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड म्हणजे या धंद्यात सोनं. जुन्या गोधडीला नवं कापड जोडलं की ते कडक कापड जुन्याला फाडून काढतं. म्हणून विरलेल्या जागी मागून आधार द्यायचा तर असंच वापरलेलं कापड लागतं. कपाटाच्या खालच्या खणात घड्याळजींच्या सदऱ्यांचे चौकोन कापून ठेवलेले असायचे. "मी मेलो तरी संग्रहालयात जिवंत राहीन," असं ते पाहुण्यांना सांगायचे, आणि बाई म्हणायच्या, जिभेला काही हाड?

तर एका सोमवारी सकाळी एक म्हातारी आली. ऐंशीची असेल. अंगावर करडी शाल, बोटं सांधेदुखीनं वाकडी झालेली, काखेत चादरीत बांधलेलं गाठोडं. गाठोडं तिनं टेबलावर ठेवलं आणि चादरीच्या टोकाला धरून असं उलगडलं, की गोधडीला तिचं बोट लागलं नाही. बाईंना ते दिसलं. त्यांना वाटलं, चला, जुन्या कापडाला हात लावू नये हे कळणारं एक तरी माणूस भेटलं.

"संग्रहालयाला द्यायची आहे," म्हातारी म्हणाली. "त्यांनी तुमचा दाखला आणायला सांगितलंय. आणि एक भोक पडलंय, ते बुजवाल ना?"

"मी दुरुस्ती करत नाही, मावशी. मी फक्त वय सांगते. फार तर धागे आणखी सुटू नयेत म्हणून मागून आधार देईन."

"तेवढं पुरे," म्हातारी म्हणाली. जरा घाईनंच म्हणाली.

गोधडी सुंदर होती, यात वाद नाही. तळहाताएवढे चौकोन, ओळीनं, साठ-सत्तर असतील. निळे, मळकट पिवळे, बारीक रेघांचे, फुलांचे. एका कोपऱ्याला जळल्याचा डाग. आणि बरोबर मधोमध एक चौकोन उसवून काढलेला, त्यातून आतला मळका कापूस दिसत होता.

"ह्यात आमच्या घरची माणसं आहेत," म्हातारी हनुवटीनं दाखवत होती. "हा आमच्या ह्यांचा सदरा. हा दिराचा कोट. ही नणंद. माणूस गेलं की त्याच्या कपड्याचा तुकडा लावायचा, अशी आमच्या घरची रीत. माझी सासू लावायची, तिच्या आधी तिची सासू, नंतर मी."

"आणि हे भोक कोणाचं?"

म्हातारीनं खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाली, "कोणाचं नाही. उंदीर लागला." तिनं शालीतून एक पाकीट काढलं. घरच्या माणसांचे फोटो. बाई गोधडीबरोबर नेहमी फोटो मागत, कपड्यांवरून काळ लागतो म्हणून. दारापर्यंत गेल्यावर म्हातारी वळली आणि पुढच्या खोलीत बसलेल्या घड्याळजींकडे तिनं बराच वेळ पाहिलं. ते एका बंद पडलेल्या गजराच्या घड्याळाशी खेळत होते. "तुमचे हे का?" तिनं विचारलं. बाई हो म्हणाल्या. म्हातारीनं नुसती मान हलवली आणि गेली.

भोकाच्या कडेचे धागे मोकळे लोंबत होते. संध्याकाळपर्यंत आणखी सुटले असते. बाईंनी खालच्या खणातला एक चौकोन घेतला, फिका निळा, घड्याळजींच्या दुकानातल्या सदऱ्याचा, आणि मागून ठेवून चारी बाजूंनी बारीक धावदोरा घातला. दोरा नेहमीप्रमाणे फिका पिवळा. त्यांचा स्वतःचा टाका नेहमी त्याच रंगात असे, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणी गोधडी तपासली तर जुना हात कुठला आणि टाकेबाई कुठली, हे त्याला लगेच कळावं. दहा मिनिटांचं काम. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच, पण ते त्यांना तेव्हा कुठे माहीत?

मंगळवारी घड्याळजी साडेनऊला उठले.

बाईंनी आधी थट्टाच केली. "कोणतं साल चाललंय, सांगू का?" ते हसले, पण हसता हसता जांभई आली, आणि चहा पुढ्यात असताना पुन्हा डोळे मिटले. काल गजराची स्प्रिंग बसवत जागले असतील, असं म्हणून बाई कामाला बसल्या.

आणि कामात त्या सगळं विसरल्या, हे नंतर त्यांना फार लागलं. कारण गोधडीनं त्यांना वेड लावलं होतं. म्हातारीच्या म्हणण्याप्रमाणे तीन बायका. कापडं बघितली तर खरंच शंभर-सव्वाशे वर्षांचं अंतर होतं. सगळ्यात जुना तुकडा झाडपाल्यापासून काढलेल्या रंगाचा, सगळ्यात नवा गिरणीचा. पण टाका एक. आता हे समजून घ्या. टाका म्हणजे माणसाचं हस्ताक्षर. सासूनं सुनेला शिकवलं तरी सुनेचा टाका थोडा लांब पडतो, थोडा तिरका जातो, रागावली असेल तर दोरा ताणला जातो. इथे तसं काही नव्हतं. पहिल्या चौकोनापासून शेवटच्यापर्यंत एकच हात. डावखुरा. सहा टाके सारखे, आणि सातवा दुहेरी, एकाच भोकातून दोनदा गेलेला. सहा आणि एक, सहा आणि एक. बाईंनी रुमालानं भिंग पुसलं आणि पुन्हा पाहिलं. सव्वाशे वर्षं कोणी शिवत बसत नाही.

"अहो, जरा इकडे या," त्यांनी हाक मारली. काही चांगलं दिसलं की त्या नवऱ्याला बोलवायच्या. आतून उत्तर आलं नाही. दुपारचे दोन वाजले होते आणि घड्याळजी खुर्चीत मान टाकून झोपले होते.

बुधवारी ते उठलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. बाईंनी हलवलं की डोळे उघडायचे, "हं" म्हणायचे, पुन्हा मिटायचे. गल्लीच्या टोकाचा डॉक्टर आला. नाडी बघितली, छाती बघितली, डोळ्यात बॅटरी मारली. "सगळं ठणठणीत आहे," म्हणाला. "थकवा असेल. झोपू द्या."

"डॉक्टर, हा माणूस चाळीस वर्षांत दुपारी झोपला नाही."

"मग राहिलेली झोप घेत असतील," डॉक्टर म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. बाईंना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. त्या हसल्या नाहीत. घड्याळजींचा हात त्यांच्या हातात होता आणि तो हात उबदार असूनही त्याला जराही ओढ नव्हती.

मन कुठेतरी गुंतवावं म्हणून त्या टेबलाशी गेल्या. गोधडी उलटी केली. सोमवारचा स्वतःचा फिका पिवळा दोरा त्यांना दिसला. सहज मोजला. सहा टाके सारखे आणि सातवा दुहेरी.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. पुन्हा उचललं. चारी बाजू मोजल्या. सगळीकडे तेच. टाके उजवीकडून डावीकडे न जाता उलटे गेलेले, डावखुऱ्या माणसाचे असतात तसे. टाकेबाई जन्मभर उजव्या हातानं जेवत, लिहीत, शिवत आल्या. त्यांनी उजव्या हाताची बोटं पाहिली, मग डाव्या. डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरावर सुईनं टोचल्याचे लाल ठिपके होते, ताजे.

घाबरलेलं माणूस बहुतेक वेळा उगाचच्या कामाला लागतं. बाईंनी फोटोंचं पाकीट उघडलं. नोंद करायची राहिली होती ना, चला, करू. पहिला फोटो म्हातारीच्या नवऱ्याचा. खुर्चीत बसलेला, तरणाताठा, रेघांचा सदरा. सदऱ्याच्या खालच्या बाजूला तळहाताएवढा चौकोन कापलेला होता आणि आतली पांढरी बनियन दिसत होती. बाईंना आधी वाटलं, फोटोवर डाग पडलाय. दुसरा फोटो दिराचा. कोट. कोटाच्या घेरात चौकोनी भोक. तिसरी नणंद, हसणारी, फुलांचा झगा आणि गुडघ्याशी चौकोन गायब. सगळी जिवंत. सगळ्यांचे डोळे अर्धवट मिटलेले, फोटोवाल्यानं नेमकं पापणी लवताना बटण दाबलं की होतात तसे. एखाददुसरा असता तर बाई तसंच समजल्या असत्या. इथे अकरा फोटो होते.

माणूस गेल्यावर तुकडा लावतात, असं म्हातारी म्हणाली होती. माणसं खोटं बोलतात. तुकडा आधी लागत होता.

शेवटचा फोटो नवा होता, रंगीत. पंचविशीतली मुलगी, गळ्यात हिरवी ओढणी, ओढणीच्या टोकाला चौकोनी भोक, आणि डोळे मिटत आलेले. मागे पेन्सिलनं लिहिलं होतं: माझी नात. तारीख पंधरा दिवसांपूर्वीची.

मधलं भोक कोणाचं, ते बाईंना कळलं. उंदीर म्हणे.

टाके तोडायची उसवणी हातात घेऊन त्या गोधडीवर तुटून पडल्या. ज्या बाईनं तीस वर्षं जुन्या कापडावर श्वाससुद्धा जपून सोडला, तिनं कराकरा दोरे तोडले, आजूबाजूचा कापूस उपसला गेला तरी पाहिलं नाही. निळा चौकोन हातात आला आणि आतून घड्याळजींची हाक आली.

"अगं, चहा ठेवलास का? किती वाजले?"

बाई त्यांच्या उशाशी जाऊन रडल्या. मोठ्यानं, नाक ओढत. घड्याळजी घाबरून गेले. "मी काय मेलो होतो का?" असं त्यांनी विचारलं तर बाईंना आणखी रडू आलं. मग त्यांनी चहा केला, दोन कप पाजला, खिडक्या उघडल्या, आणि त्यांना वाटलं, सुटलो. गोधडी गुरुवारी परत द्यायची, कानाला खडा लावायचा, पुन्हा कोणाच्या भोकाला हात लावायचा नाही.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्या टेबलाशी बसल्या होत्या आणि दाखला लिहीत होत्या. निदान त्यांना तसं वाटत होतं. बाहेर भंगारवाला ओरडला, त्या दचकल्या, खाली पाहिलं, तर कागद कोरा होता. डाव्या हातात सुई होती. भोकावर घड्याळजींचा पायमोजा ताणून ठेवलेला, आणि तीन बाजू शिवून झाल्या होत्या. पुढच्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता.

बाईंनी पायमोजा उसवला, घोरणं थांबलं. त्यांनी स्वतःच्या जुन्या झग्याचा तुकडा घेतला, म्हटलं जे व्हायचं ते माझं होऊ दे, आणि तो शिवला. डोळ्यांदेखत दोरा सैल झाला, टाक्यामागून टाका सुटत गेला, आणि तुकडा सतरंजीवर पडला. कोरं कापड लावून पाहिलं, तेही पडलं. भोकाला वापरलेलं कापड हवं होतं, दुसऱ्या कोणाचं तरी, आणि त्या घरात दुसरं कोण होतं? डाव्या हाताची बोटं शिवशिवत होती. त्यांनी तो हात मांडीखाली दाबून धरला, उजव्या हातानं फोन उचलला आणि म्हातारीला म्हणाल्या, "आत्ता या. दाखला तयार आहे."

म्हातारी अर्ध्या तासात आली. बाईंनी दार लावून घेतलं. घड्याळजी आत आंघोळीला गेले होते.

"तुम्हाला माहीत होतं," बाई म्हणाल्या.

म्हातारीनं नाही म्हणायचे कष्ट घेतले नाहीत. खुर्चीत बसली, शाल सारखी केली. "होतं."

"आणि तरी आणलीत. माझ्या घरात."

"माझी नात पंचवीस वर्षांची आहे. मला दुसरं कोणी नाही. भोक पडलं, आणि माझाच हात तिच्या ओढणीला कात्री लावून आला. मी उसवलं. बोटं चालत नाहीत, तरी दातांनी उसवलं. मग भोक उघडं राहिलं. रोज तिचं काही ना काही माझ्या हातात यायचं. रुमाल. उशीचा अभ्रा. मी काय करायला हवं होतं?"

"जाळायची."

"माझ्या सासूनं जाळली होती. एक कोपरा जळला. त्या दिवशी घरातली दोन मुलं गेली." म्हातारी हे अगदी साध्या आवाजात सांगत होती. "तुझ्याबद्दल ऐकलं होतं मी. जुन्या सदऱ्यांचा आधार देतेस म्हणे. शिवलंस की हात तुझ्याकडे जाणार, आणि कापड तुझ्या घरचं. मला तुझा नवरा कुठे माहीत होता?"

"सोमवारी बघून गेलात त्यांना."

"बघितलं," म्हातारी म्हणाली.

"आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं," बाई म्हणाल्या. त्यांना त्या म्हातारीचा गळा धरायचा होता आणि तिच्या जागी आपण असतो तर हेच केलं असतं, हेही कळत होतं. दोन्ही एकाच वेळी.

"तूही तेच कर," म्हातारी म्हणाली. "तुझ्याकडे दहा घरच्या गोधड्या येतात, दहा घरची कापडं पडलेली असतात. कोणाचं तरी घे. तोंड बघू नकोस. तोंड बघितलं की जमत नाही."

कपाटात खरंच कापडं होती, चिठ्ठ्या लावलेली: कुठल्याशा शिक्षिकेच्या आईचं, एका ड्रायव्हरच्या बायकोचं. त्यांची नजर तिकडे गेली, हे खरं आहे. डावा हातही मांडीखालून निघाला. आतून घड्याळजी आंघोळ करता करता काहीतरी बेसूर गुणगुणत होते.

मग त्यांनी विचारलं, "मावशी, तुमचा स्वतःचा तुकडा कधी लावून पाहिलात?"

"शंभरदा. शिवणारीचं कापड टिकत नाही. दोरा आपोआप सुटतो."

"आणि आता शिवणारी कोण आहे?"

त्यांनी हे मुद्दाम विचारलं का? विचारलं. उगाच साळसूदपणाचा आव आणायचं कारण नाही. आत नवरा गात होता आणि समोर ऐंशी वर्षांची बाई बसली होती, आणि बाईंनी हिशेब केला.

म्हातारीनं आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. बोटं वाकवली, सरळ केली. "सोमवारपासून शिवशिवत नाहीत," ती हळूच म्हणाली. "पन्नास वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, म्हातारपणानं." मग ती हसली, आणि ते हसणं खोटं नव्हतं. "एवढं साधं मला सुचलं नाही बघ. तुझ्याकडे यायच्या आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं."

"आधी सुचून उपयोग नव्हता. तेव्हा हात तुमच्याकडेच होता."

"तेही खरं. थांब, नातीला फोन करू दे."

तिनं फोन केला. जेवलीस का विचारलं. गॅसचं बटण नीट बंद कर, किल्ली शेजारणीकडे ठेव, मला यायला उशीर होईल. पलीकडून मुलगी काहीतरी पटापट सांगत होती, आवाज ताजा, जागा. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. "बरं, बरं. ऐकलं. ठेवते," ती म्हणाली. मग तिनं हात पुढे करून कात्री मागितली आणि अंगावरच्या करड्या शालीचा कोपरा स्वतः कापून दिला. बोटांना जमत नव्हतं. बाईंनी मदत केली नाही. ते त्यांच्यानं होईना.

"नीट शीव," म्हातारी म्हणाली. "आणि ऐक. कापड आहे, पुन्हा विरणार. दहा वर्षांनी, वीस वर्षांनी. तेव्हा घरात माणसं कमी ठेव."

बाई शिवायला बसल्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात एकदाही चुकला नाही. इतकं सुबक काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं, आणि त्याचीच त्यांना किळस आली. पहिली बाजू झाली तेव्हा म्हातारी नातीच्या लहानपणचं काहीबाही सांगत होती. दुसरीला तिचे शब्द लांबले. पन्नास वर्षांची झोप राहिली होती तिची, तिला वेळ लागला नाही. चौथ्या बाजूचा शेवटचा दुहेरी टाका बसला आणि खोलीत फक्त बाईंच्याच श्वासाचा आवाज उरला.

टुवालानं डोकं पुसत घड्याळजी बाहेर आले. "कोण आलंय?"

"गिऱ्हाईक. गोधडीवाल्या मावशी."

"बसल्या बसल्या झोपल्या की. उठव त्यांना, चहा घेतील."

"झोपू दे."

"गार लागेल अशानं," ते म्हणाले. आणि बाई काही बोलायच्या आत त्यांनी टेबलावरची गोधडी उचलली. "यांचीच आहे ना?"

"त्यांचीच."

घड्याळजींनी ती म्हातारीच्या अंगावर घातली, खांद्यापर्यंत ओढली, पायांशी नीट खोचली. माणूस तसा प्रेमळच. मग बाईंकडे वळून त्यांनी सदऱ्याची बाही पुढे केली. मनगटाचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं.

"एवढा एक टाका घाल गं."

बाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले. चाळीस वर्षांत त्यांनी या माणसाचं एकही बटण दुसऱ्याला लावू दिलं नव्हतं.

"कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे द्या," त्या म्हणाल्या.